थकलेला खेळाडू आणि संघाचं देणं

मंडळी, मागच्या वेळी एका श्रोत्यानं विचारलं होतं, की संघ आपल्या म्हाताऱ्या झालेल्या मोठ्या खेळाडूला जाऊ देतो, हा कृतघ्नपणा नाही का? आज तेवढाच प्रश्न घेऊ. उदाहरण आपल्या विदर्भाचंच.

२०१५ मध्ये वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे आले. वय ३७. पदार्पणानंतर दुसऱ्याच सामन्यात नाबाद ३१४ करणारे, कर्णधार म्हणून मुंबईला २००८-०९ आणि २००९-१० असे लागोपाठ दोन रणजी करंडक मिळवून देणारे. त्यांनी जायचं ठरवलं, मुंबईनं जाऊ दिलं. आणि त्याच मोसमात मुंबईनं करंडक जिंकला! म्हणजे मुंबई चुकली, असं म्हणायला जागा नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर पुढचा विचार फार सोयीचा होतो.

ॲरिस्टॉटल मैत्रीचे तीन प्रकार सांगतो: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. उपयोगाची मैत्री उपयोग सरला की सुटते. संघ आणि खेळाडूचं नातं कागदावर या पहिल्या प्रकारचं. प्रेक्षक मात्र ते तिसऱ्या प्रकारचं धरून बसतो. ‘आपला जाफर’ म्हणतो ना तो! मनाला लागतं ते इथं.

पण ‘याचा आता उपयोग नाही’ हे वाक्यच आम्हाला अर्धवट वाटतं. कुणाला? कशासाठी? आपल्याकडे धानाच्या बांधीत नवा गोऱ्हा एकटा जुंपत नाहीत. जोडीला जुना बैल देतात. त्याचा जोर कमी झालेला असतो, पण कुठं वळायचं ते त्याला ठाऊक असतं. विदर्भानं तोवर रणजी करंडक एकदाही जिंकला नव्हता. जाफर यांना वळण ठाऊक होतं.

तरी गोष्ट सरळ झाली नाही. दुखापतीमुळे २०१६-१७ चा मोसम हुकला. पुढच्या मोसमात मानधनाशिवाय खेळायची तयारी त्यांनी स्वतःच दाखवली, आणि खेळले. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भानं करंडक घेतला, तेव्हा विजयाचा फटका त्यांचाच होता. मार्चमध्ये नागपूरला इराणी करंडकात २८६ धावा, वयाच्या चाळिशीत! पुढच्या मोसमात हजारावर धावा आणि विदर्भाला पुन्हा करंडक. (प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, तेही मूळचे मुंबईचेच. असो.)

पैसे न घेता खेळणारा माणूस ॲरिस्टॉटलच्या पहिल्या खान्यात बसत नाही. पण आम्हाला खरी अडचण वेगळीच दिसते. २८६ झाल्या, म्हणून आपण ही गोष्ट कौतुकानं सांगतो. समजा, त्या डावात ते शून्यावर बाद झाले असते आणि तिथंच थांबले असते. मग मुंबईचं त्यांच्याकडचं देणं कमी झालं असतं का? मुळीच नाही. ते २०१० पर्यंतच होऊन गेलं होतं. फक्त ते देणं संघातल्या जागेच्या रूपानं फेडता येत नाही, कारण ती जागा एखाद्या वीस वर्षांच्या पोराचीही असते, आणि त्याचंही संघाकडे काही मागणं असतं.

मग ते फेडायचं कसं? तुम्हाला काय वाटतं ते आधी ऐकू. माईक मागे द्या.