'एनी डाउट्स?' आणि वीस सेकंद

गेल्या वर्षी प्लेसमेंटच्या आधी एका कंपनीने फायनल इयरसाठी ऑनलाइन माहिती-सत्र घेतलं. पोरं साडेतीनशेच्या वर. म्हणून मी (त्या वेळचा को-ऑर्डिनेटर, स्वतःला फार शहाणा समजणारा!) मीटिंग न ठेवता सरळ लाइव्ह ब्रॉडकास्ट लावलं. चित्र झकास, आवाज खणखणीत. शेवटी मॅडमनी विचारलं, "एनी डाउट्स?" दहा सेकंद थांबल्या, "व्हेरी गुड" म्हणाल्या आणि लाइन बंद. इकडे हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये तो प्रश्न आम्हाला ऐकू आला, तेव्हा तिकडे लॅपटॉप मिटलेला होता. चॅटमध्ये मात्र एकाच प्रश्नाचा पाऊस : दोन वर्षांचा बाँड मोडला तर किती पैसे भरायचे? उत्तर मिळालं नाही, आणि संमतीच्या फॉर्मवर सही दुसऱ्याच दिवशी होती.

सगळ्यांनी वाय-फायला शिव्या घातल्या. पण चूक माझ्या निवडीची होती.

मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे बहुधा यूडीपीवरून सुटतात. एखादा हरवला तर हरवला, त्याच्यासाठी कोणी खोळंबत नाही. कारण संभाषणात उशीर हाच खरा शत्रू. आयटीयूची जी.११४ ही शिफारस सांगते की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. ४०० च्या पुढे गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. ब्रॉडकास्टची तऱ्हा उलटी. एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे होतात (ॲपलची सूचना ६ सेकंदांची आहे) आणि ते साध्या फाइलसारखे एचटीटीपीवरून जातात. जागोजागच्या सर्व्हरवर त्यांच्या प्रती ठेवता येतात, म्हणून लाखभर लोकांनी बघितलं तरी चालतं. आणि प्लेअर सुरू होण्याआधी दोन-तीन तुकडे साठवून घेतो. सहा त्रिक अठरा... झाले आमचे वीस सेकंद! मेसच्या भाषेत, मीटिंग म्हणजे तव्यावरची पोळी आणि ब्रॉडकास्ट म्हणजे डबा. डबा कितीही जणांना पोचतो, पण गरम नसतो. उशीर कमी करायच्या सेटिंग असतात, पण साठा कमी केला की चित्र अडखळायला लागतं.

तेव्हा माणसं किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ऐकणाऱ्याला मध्येच तोंड उघडायची गरज पडणार आहे का? संचालकांचं भाषण, नव्या उत्पादनाचं उद्घाटन : ब्रॉडकास्ट. मुलाखत, भावाची घासाघीस, ग्राहकाची तक्रार : मीटिंगच. वेबिनार हा मधला प्रकार, बोलणारे चार आणि बाकीचे हात वर करून विचारणारे. पण मोठ्या संख्येसाठी त्याचे पैसे पडतात, आणि आमचं बजेट चहाचं.

यंदा आम्ही दोन भाग केले. माहिती सगळ्यांना ब्रॉडकास्टवर. मग लगेच वेगळी मीटिंग, प्रत्येक ब्रांचचे दोन जण, प्रश्न आदल्या रात्री रूम-रूम फिरून गोळा केलेले. झूमच्या फुकट खात्यावर १०० माणसं आणि ४० मिनिटं मिळतात, ती पुरली. बाँडचा आकडा पहिल्याच प्रश्नाला बाहेर आला, आणि त्या संध्याकाळी आमच्या विंगमधल्या तिघांनी फॉर्म परत मागून घेतले.