जमिनीवरचे विमान

विमान चालविण्याचे शिक्षण द्यावयाचे आणि तेही जमिनीवरून एक बोटही वर न उचलता, असे कोणी म्हटले तर ओसरीवर पालथे पडून पोहायला शिकणाऱ्याची आठवण होऊन आपल्याला हसूच येईल. अमेरिकेत लष्करी अधिकाऱ्यांनाही प्रथम तसेच वाटले होते. त्यांचे मत पालटण्यास काही वैमानिकांचे प्राण खर्ची पडावे लागले. असे का झाले, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी लिंक घराण्याचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्या घरातील एडविन लिंक या तरुणास उडण्याची हौस. पण शिक्षण महाग, म्हणून त्याने घरच्याच सामानातून युक्ती काढली. ऑर्गनचे भाते आपल्या परिचयाचे आहेत. संगीत नाटकाच्या रंगमंचापुढे ते आपण पाहिले आहेत. तसल्याच भात्यांवर त्याने विमानाच्या आकाराची एक लाकडी पेटी बसविली. आतील दांडा हलविला की झडपा उघडत, भात्यांतील हवा कमीजास्त होई आणि पेटी विमानाप्रमाणे कलत, वळत असे. 1929 पर्यंत हे यंत्र तयार झाले. परंतु पहिली गिऱ्हाइके मिळाली ती करमणुकीच्या बागांची!

पुढे 1934 च्या फेब्रुवारीत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खाजगी कंपन्यांची हवाई टपालाची कंत्राटे रद्द करून ते काम लष्करावर सोपविले. थंडी कडाक्याची, धुके दाट, आणि केवळ उपकरणे पाहून उडण्याचा वैमानिकांना सराव बेताचाच. थोड्या आठवड्यांत दहाहून अधिक माणसे मृत्यू पावली. तेव्हा कोठे लष्कराला लिंकच्या पेटीची आठवण झाली. तो अधिकाऱ्यांना भेटावयास आला तोही धुक्यातून स्वतः विमान चालवीत, असे सांगतात. त्याच वर्षी प्रत्येकी 3,500 डॉलर मोजून सहा पेट्या घेण्यात आल्या.

आता प्रश्न असा की, धुक्यात शिकल्यासवरल्या वैमानिकालाही विमान सावरता का येऊ नये? उत्तर आपल्या कानात आहे. अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. डोके फिरले की द्रव मागे रेंगाळतो आणि आपल्याला वळण समजते. परंतु फिरणे एकाच गतीने चालू राहिले तर थोड्या वेळाने द्रवही बरोबरीने फिरू लागतो आणि वळण जाणवेनासे होते. उलट, आपण थांबलो तरी द्रव फिरतच राहतो. फुगडी थांबल्यावर अंगण फिरू लागते ते याचमुळे. मुलींना खांब धरता येतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाने काय धरावे?

अशा एखाद्या हौशी वैमानिकास या लष्करी पेटीत बसवून पाहू. वरचे झाकण लागते. बाहेरचे काही दिसत नाही. समोर उंची, वेग, वळण आणि कृत्रिम क्षितिज दाखविणारी उपकरणे तेवढी. पेटी हळूहळू एका अंगाला कलते, वळू लागते. गृहस्थाला वाटते, आपण सरळच चाललो आहोत. उंची घटताना दिसते, म्हणून तो दांडा मागे ओढतो; त्याने वळण अधिकच आवळते आणि उंची अधिक वेगाने घटते. काटे सांगतात 'वळतो आहेस', अंग सांगते 'छे, सरळ आहेस'. शेवटी काट्यांचे ऐकून तो वळण थांबवितो, तर आता उलट दिशेला वळल्याचा भास! बाहेर मेजाशी बसलेला शिक्षक कानातील यंत्रातून सूचना देत असतो. मेजावरील नकाशावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र शाईने वाट रेखीत जाते. झाकण उघडल्यावर वैमानिकाला ती वाकडी वाट पाहावयास मिळते. तिच्यापुढे वाद चालत नाही.

ही अतिशयोक्ती नव्हे. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात 20 वैमानिकांची परीक्षा घेण्यात आली. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण कोणासही नव्हते. खऱ्या विमानात, शेजारी शिक्षक बसवून, त्यांना बाहेरचे दिसणार नाही अशी योजना केली. विसांच्या विसांचा ताबा सुटला, आणि त्यास सरासरी वेळ लागला 178 सेकंद. म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. थोड्या पद्धतशीर शिकवणीनंतर मात्र हीच मंडळी विमान सुखरूप मागे वळवू लागली.

दुसऱ्या महायुद्धात अशा 10,000 हून अधिक पेट्या तयार झाल्या आणि 5,00,000 हून अधिक वैमानिकांनी त्यांत सराव केला. आज भात्यांची जागा संगणकांनी घेतली आहे आणि पडद्यावर हुबेहूब धावपट्टी दिसते. तरी त्या जुन्या लाकडी पेटीने दिलेला धडा बदललेला नाही. अंगाची ग्वाही खोटी असू शकते, हे नुसते ऐकून कोणाला पटत नाही. एकदा स्वतः फसावे लागते. आकाशात ती फसगत शेवटची ठरू शकते. जमिनीवर फसलेला माणूस झाकण उघडून बाहेर येतो, नकाशावरील आपली वाट पाहतो आणि पुन्हा आत जाऊन बसतो.