ट्रॅक गोठवा, प्रोसेसर मोकळा करा

गाणं रंगात आलं की नेमका संगणक धापा टाकतो आणि आवाज कडकडत तुटतो. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक वाद्याचं, प्रत्येक इफेक्टचं गणित वाजता वाजता चालू असतं. ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ४८,००० नमुने! ट्रॅक ‘फ्रीझ’ केला की त्याचा तयार आवाज डिस्कवर साठवला जातो आणि पुढे तीच फाइल वाजते.

लॉजिक प्रोमध्ये ट्रॅकवरचं हिमकणाचं बटण दाबून गाणं प्ले करा. एबलटन लाइव्हमध्ये ट्रॅकच्या नावावर राइट-क्लिक करून ‘फ्रीझ ट्रॅक’ निवडा. व्हॉल्यूम, पॅन हलवता येतात, पण नोटा बदलायच्या तर अनफ्रीझ करावंच लागतं. जागाही लागते: ३२ बिट स्टिरिओत, ४८ किलोहर्ट्झला, ४ मिनिटांच्या एका ट्रॅकला सुमारे ९२ एमबी.

आधी जड सिंथ आणि लांब रिव्हर्बचे ट्रॅक गोठवावेत. इफेक्ट न लावलेला, रेकॉर्ड केलेला तानपुरा गोठवून काहीच हाती लागत नाही.

लाइव्हमधलं ‘फ्लॅटन’ मात्र वेगळं. ते वाद्य आणि इफेक्ट काढून टाकून नुसता ऑडिओ ठेवतं. म्हणून ते दाबण्याआधी ट्रॅकची एक प्रत नक्की काढून ठेवा.