मौन, संमती आणि कॅमेरा: ‘इन जॅक्सन हाइट्स’च्या निमित्ताने

(व्याख्यानाचे शब्दांकन)

आज एका माहितीपटाबद्दल बोलायचं आहे. आता मी काही सिनेमाचा समीक्षक नाही. माझा प्रांत तत्त्वज्ञानाचा, आणि त्यातही एका जुन्या प्रश्नाचा: आपल्याला जे कळतं, ते कशावरून कळतं? हाच प्रश्न घेऊन आज आपण न्यूयॉर्कमधल्या एका वस्तीत जाणार आहोत.

माहितीपटाचं नाव ‘इन जॅक्सन हाइट्स’. दिग्दर्शक फ्रेडरिक वाइजमन. चित्रीकरण २०१४च्या उन्हाळ्यातलं, प्रदर्शन २०१५ सालचं, लांबी १९० मिनिटं. म्हणजे तीन तासांहून जास्त. बघायचा असेल तर जेवून बसा! (हशा)

आधी वस्तीची ओळख करून घेऊ. जॅक्सन हाइट्स हा क्वीन्स भागातला परिसर. १९१७ मध्ये तिथे खांबांवरून धावणारी रेल्वे पोहोचली आणि एका बांधकाम कंपनीने आतल्या बागांभोवती सुबक इमारती उभ्या केल्या. त्या होत्या गोऱ्या मध्यमवर्गासाठी. ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना तिथे घर मिळत नसे. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला, आणि ज्या वस्तीचं दार बंद होतं तिथेच जग येऊन राहिलं. कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको, बांगलादेश, नेपाळ, भारत, पाकिस्तान. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची, दागिन्यांची, डाळ-तांदळाची दुकानं आहेत. या परिसरात १६७ भाषा बोलल्या जातात, असं चित्रपटात तिथले तेव्हाचे नगरसेवक डॅनियल ड्रॉम अभिमानाने सांगतात.

आता दुसरा शब्द, जेंट्रिफिकेशन. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना तो वापरला. कामगारांच्या वस्तीत हळूहळू पैसेवाले राहायला येतात, घरं दुरुस्त होतात, भाडी वाढतात, आणि जुने रहिवासी निघून जातात. मराठीत ‘उच्चभ्रूकरण’ म्हणतात, पण त्या शब्दात निघून जाणारा माणूस दिसत नाही, म्हणून मी मूळ शब्दच ठेवतो.

तुम्हाला लगेच गिरणगाव आठवलं असेल. साहजिक आहे. पण एक फरक ध्यानात घ्या. गिरणगावात एक घटना होती. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरण्या बंद पडल्या, पुढे त्या जागेवर मॉल आणि मनोरे आले. चिमणी पडताना दाखवता येते. जॅक्सन हाइट्समध्ये असं काही पडत नाही. एका दुकानाचा भाडेकरार संपतो आणि तो पुन्हा होत नाही. बस्स. आता मला सांगा, न झालेल्या कराराचा फोटो कसा काढायचा?

इथे आपली जुनी शाळा कामाला येते. भारतीय दर्शनांमध्ये ज्ञानाच्या साधनांना प्रमाण म्हणतात. प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना दिसतं-ऐकू येतं ते. अनुमान, म्हणजे डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे हे ओळखणं. आणि शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावरून कळणं. नैयायिक आणखी उपमानही मानतात, पण आज तिन्हींवर भागेल. चार्वाक मात्र म्हणतात, प्रत्यक्ष तेवढंच खरं.

वाइजमन यांची पद्धत वरवर पाहता चार्वाकाची वाटते. त्यांच्या चित्रपटांत निवेदन नाही, मुलाखती नाहीत, वरून घातलेलं संगीत नाही. माणसांची नावंसुद्धा पडद्यावर येत नाहीत. चित्रीकरणाच्या वेळी ते स्वतः ध्वनिमुद्रण करत, या चित्रपटात कॅमेरा जॉन डेव्ही यांच्याकडे होता, आणि नंतरचं संकलन पुन्हा स्वतःच करत. १९६७च्या ‘टिटिकट फॉलीज’पासून निवेदन आणि मुलाखती टाळण्याचा हा शिरस्ता होता. मशिदीतली नमाज दिसते, टॅक्सी चालवायला शिकवणारा वर्ग दिसतो, जिवंत कोंबड्या कापून देणारं दुकान दिसतं, फुटबॉलच्या विश्वचषकात कोलंबियासाठी रस्त्यावर उतरलेली गर्दी दिसते. दिसतं ते दाखवलं.

पण एवढंच असतं तर हा चित्रपट म्हणजे पर्यटन खात्याची जाहिरात झाला असता. ही गोष्ट नीट समजून घेऊ. रंगीत बाजार, नाना तऱ्हेचे पदार्थ, नाना वेशांची माणसं, हे सगळं कॅमेऱ्याला फार आवडतं. आणि घरं विकणाऱ्यालाही नेमकं तेच आवडतं. वस्तीची विविधता हाच तिचा भाव वाढवणारा गुण ठरतो. म्हणजे वस्तीवर प्रेम असलेला दिग्दर्शक केवळ डोळ्यांना भावेल तेच दाखवत राहिला, तर ज्यांच्यामुळे ती वस्ती तशी आहे त्यांनाच बाहेर काढायला नकळत हातभार लावतो. स्वतंत्र माहितीपटाची खरी परीक्षा इथे आहे. वरून हुकूम देणारा कोणी नसला, तरी नुसतं सुंदर दाखवण्याचा मोह असतोच.

वाइजमन यातून वाट कशी काढतात? ते बैठकांना जाऊन बसतात. हा चित्रपट बैठकांनी भरलेला आहे. लोक एकमेकांना काहीतरी समजावून सांगत असतात आणि कॅमेरा ते शेवटपर्यंत ऐकतो. एका छोट्या व्यापारी संकुलातल्या दुकानदारांना जागा सोडायला सांगितलेलं असतं. वर्षानुवर्षं तिथे पोट भरलेली माणसं आता कुठे जायचं ते बोलतात. दुसरीकडे काही तरुण कार्यकर्ते दुकानोदुकानी फिरून एका सरकारी योजनेचा अर्थ सांगतात.

त्या योजनेचं नाव बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. सोप्या भाषेत सांगतो. एखादा बाजार ‘सुधारणा क्षेत्र’ म्हणून जाहीर होतो. मग तिथल्या मालमत्तांवर जादा आकारणी बसते, आणि त्या पैशातून झाडलोट, दिवे, सुरक्षा, जाहिरात होते. ऐकायला छानच आहे. आकारणी मालकावर असते, पण भाडेकराराच्या वाटेने ती बहुतेक वेळा दुकान चालवणाऱ्या भाडेकरूकडे जाते. आणि बाजार चकचकीत झाला की पुढच्या करारात भाडं वाढणार, ही धास्ती वेगळीच.

आता गंमत बघा, म्हणजे दुःखाची गंमत. न्यूयॉर्कच्या नियमानुसार अशी योजना मालकांनी रोखायची, तर किमान ५१ टक्के मालकांनी, किंवा मूल्याच्या हिशेबाने किमान ५१ टक्के मालमत्ता ज्यांच्या आहेत त्यांनी, लेखी हरकत नोंदवावी लागते. जो काहीच कळवत नाही, त्याची हरकत नाही असं धरलं जातं. मौन म्हणजे संमती! आपल्याकडे हे वाक्य लग्न ठरवताना ऐकलंय. (हशा) तिथे ते कायद्याच्या कलमात बसलंय. आणि ज्याला पैसे भरावे लागणार, त्या भाडेकरू दुकानदाराला योजना थांबवण्याचा हा अधिकारच नाही. दिवसाचे बारा तास गल्ल्यावर उभा असलेला, इंग्रजी जेमतेम येणारा माणूस सरकारी कागद कधी वाचणार आणि कोणाला विचारणार? म्हणून ते कार्यकर्ते दारोदार फिरत असतात.

इथे प्रमाणांचा खेळ बदलतो. जे डोळ्यांना दिसत नव्हतं, ते माणसांच्या बोलण्यातून कळू लागतं. बोलणं तर कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडतंय! म्हणजे वाइजमन शब्दप्रमाणालाच प्रत्यक्ष करतात. आणि मग प्रेक्षकावर एक जबाबदारी येते, यातला आप्त कोण? कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? सुधारणा हवी म्हणणाराही त्या बाजारातलाच असू शकतो. निवेदक मध्ये येऊन निकाल देत नाही. तो आपल्याला द्यावा लागतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. दिग्दर्शक गप्प बसतो, मग त्याचंही मौन संमती का धरू नये?

याच मुद्द्यावर दुसरा चित्रपट बघण्यासारखा आहे. केली अँडरसन यांचा ‘माय ब्रुकलिन’, २०१२ सालचा. त्या स्वतः निवेदन करतात, आणि सुरुवातीलाच सांगतात की या बदलात मीही आहे. आपण ब्रुकलिनमध्ये राहायला आलो, आपल्यासारखेच आणखी आले, त्याने वस्ती बदलली का? या प्रश्नावरून त्या फुल्टन मॉल नावाच्या बाजारपेठेकडे जातात. तिथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन गिऱ्हाईक होतं, धंदा जोरात होता, तरी बाजार ‘सुधारायला’ हवा असं ठरलं. अँडरसन धुरावरून आगीकडे जातात. बंद दुकानं हा धूर. आग शोधताना त्या २००४च्या जमीनवापर-बदलापर्यंत, अधिकाऱ्यांपर्यंत, बिल्डरांपर्यंत पोहोचतात. हे शुद्ध अनुमान आहे. निष्कर्ष असा की हा काही ऋतुबदल नव्हे, हे कोणीतरी ठरवलेलं धोरण आहे.

माझं मत विचाराल, तर दोन्ही वाटा लागतात. अँडरसन यांच्या वाटेने कारण हाती येतं, पण सगळा वेळ आपण एका निवेदिकेचा हात धरून चालतो. वाइजमन यांच्या वाटेने माणसं हाती येतात, पण धोरणाचा धागा आपल्याला जुळवावा लागतो. मात्र वाइजमन यांच्या मौनाला मी संमती म्हणणार नाही. ते पूर्वी कायदा शिकवत असत, साक्षीची किंमत त्यांना ठाऊक होती. १९० मिनिटांत त्या दुकानदारांना इतका वेळ देणं, त्यांचं वाक्य मध्येच न तोडणं, हे त्यांचं बोलणंच आहे. संकलनाच्या टेबलावर केलेलं.

आणि दोन मौनांतला फरक विसरू नका. दिग्दर्शक गप्प राहतो तेव्हा त्याच्याकडे निवड असते. दुकानदार गप्प राहतो तेव्हा बहुधा नसते, आणि तरी हिशेब त्याच्याच गप्प राहण्याचा मांडला जातो. चांगल्या माहितीपटाने निदान एवढं करावं, की कागदावर जी संमती म्हणून मोजली जाणार होती, ती शांतता कशाची आहे ते ऐकू यावं. भीतीची आहे, दमल्याची आहे, की भाषा न कळल्याची.

म्हणून तुम्ही असा कुठलाही चित्रपट बघाल, न्यूयॉर्कचा किंवा आपल्या लालबाग-परळचा, तेव्हा स्वतःला तीन गोष्टी विचारा. इथे काय दिसतंय? कोण काय सांगतंय, आणि त्याच्या शब्दावर मी का विश्वास ठेवतोय? आणि जे दिसत नाही, त्याच्यापर्यंत नेणारा धूर कुठे आहे? तीन तास बसायला लागेल, पण त्या बैठकांच्या वेळी उठून चहाला जाऊ नका. खरा चित्रपट तिथेच आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.