खेड्यापर्यंत फायबर : मागणी लेखी हवी

व्यापारी बंधूंनो, जळगाव जामोद आणि आसपासच्या खेड्यांतील धंदा आता इंटरनेटशिवाय चालत नाही. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला, त्याची विवरणपत्रे ऑनलाइनच भरावी लागतात. बऱ्हाणपूर किंवा सुरतहून ५० हजार रुपयांवरचा माल निघाला की ई-वे बिल लागते. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, लोहार, सुतार, गवंडी अशा १८ व्यवसायांतील कारागिरांना ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. पण तिची नोंदणीही सेवा केंद्रावर अंगठा देऊन ऑनलाइनच होते. रेंज गेली की अंगठा घेतला जात नाही आणि कारागिराची त्या दिवसाची मजुरी बुडते. असे दोन-चार वेळा झाले की माणूस खामगाव-अकोल्याचा रस्ता धरतो, आणि त्याची खरेदीही तिकडेच होते.

मोबाइल असताना तार कशाला, असे काही बांधव विचारतात. टॉवरची क्षमता परिसरातील सर्व ग्राहकांत वाटली जाते. संध्याकाळी सगळे गाव मोबाइल उघडते, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. फायबर म्हणजे केसाइतकी बारीक काचेची तार. तिच्यातून माहिती प्रकाशाच्या रूपाने जाते, म्हणून ती पुष्कळ भार सहज पेलते. हिशोब करून पाहू. सुरतच्या व्यापाऱ्याने पाठवलेले ४० एमबीचे नमुने उतरवायला २ एमबीपीएस वेगाने १६० सेकंद लागतात, १०० एमबीपीएसने ३ ते ४ सेकंद. यातील २ एमबीपीएस हा दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडसाठी ठरवलेला किमान वेग आहे.

खेड्यांत फायबर नेण्याची योजना नवी नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये तिला मंजुरी दिली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना १०० एमबीपीएसची जोडणी द्यायची, असा बेत होता. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. महाराष्ट्राने दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने हाती घेतले. तिचा खर्च ज्या निधीतून होतो, त्याचे आजचे नाव डिजिटल भारत निधी. दूरसंचार कंपन्यांना आपल्या हिशोबी महसुलाचा ५ टक्के भाग या निधीसाठी द्यावा लागतो. कंपन्यांचा महसूल आपल्या रिचार्जमधून येतो. तेव्हा ही सोय मागणे म्हणजे कुणापुढे हात पसरणे नव्हे, तो आपला हक्क आहे.

मग अडले कुठे? पहिल्या आखणीत तार तालुक्याकडून गावाकडे एकाच सरळ मार्गाने नेली होती. रस्त्याच्या किंवा नळाच्या कामात जेसीबीने ती तोडली की पुढची गावे बंद. शिवाय योजनेचा भर ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत पोहोचण्यावर होता. कार्यालयातील पेटी वीज नसल्याने बंद राहिली, तरी कागदावर ते गाव जोडलेलेच!

ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. अंमलबजावणीची जबाबदारी बीएसएनएलकडे आहे. आता तार कड्यासारखी फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. १० वर्षांची देखभाल योजनेतच धरली आहे आणि दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी देण्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, जी गावे ग्रामपंचायतीचे ठिकाण नाहीत त्यांना 'मागणीनुसार' जोडणी मिळेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या लहान वस्त्यांनी हा शब्द नीट लक्षात ठेवावा. ज्याने मागितले नाही, तो मागे राहील.

एकजुटीने काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. लँकेशायरच्या खेड्यांत तार टाकणे मोठ्या कंपन्यांना परवडत नव्हते. तेव्हा २०११ मध्ये गावकऱ्यांनी 'ब्रॉडबँड फॉर द रुरल नॉर्थ' ही संस्था काढली. लोकांनी समभाग घेतले, शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून फुकट वाट दिली, चर स्वतः खणले आणि १००० एमबीपीएसची सेवा घरोघर नेली. आपल्याला शेत खणायचे नाही, पण एकी तीच लागेल.

आमची सूचना अशी :

१) ग्रामपंचायतीत जाऊन फायबरची पेटी आहे का, चालू आहे का, तिला वीज आहे का, हे पाहावे.

२) ग्रामसभेत ठराव घ्यावा. शाळा, दवाखाना, बचत गट यांनाही सोबत घ्यावे. ही एकट्या बाजारपेठेची मागणी नाही.

३) दरमहा पैसे भरून जोडणी घेण्यास तयार असलेल्या दुकानांची व घरांची सह्यांसह यादी जोडावी. ग्राहक दिसले की सेवा देणाराही पुढे येतो.

४) अर्ज बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला द्यावा, प्रती गटविकास अधिकारी आणि खासदारांना द्याव्यात, आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर १० रुपये शुल्क भरून माहितीचा अधिकार वापरावा. त्यात ३० दिवसांची मुदत आहे.

५) सेवा बंद पडल्याची तारीख आणि वेळ एका वहीत लिहावी. तोंडी तक्रार हवेत विरते, वहीतील नोंद पुरावा ठरते.

६) गावात कुणी खणकाम करणार असेल, तर तार कुठून गेली आहे ते आधी विचारावे.

धंद्यात उधारीसुद्धा आपण लिहून ठेवतो. मग गावाचे येणे तोंडी का ठेवावे? येत्या ग्रामसभेला प्रत्येक मोहल्ल्यातून चार माणसे जरूर जावीत, आणि ठरावाची प्रत हाती घेऊनच परतावीत.