तेलुगू भाषकाचा मराठी ‘च’ : सोलापूरच्या संदर्भात

सोलापूर शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची दाट वस्ती आहे. तेलंगणातून, म्हणजे तत्कालीन निजामी मुलखातून, आलेल्या या कुटुंबांच्या घरात तेलुगू, बाजारात मराठी व दखनी आणि शाळेत पुष्कळदा मराठी असा भाषाव्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गल्लीत खेळता खेळता जे मूल मराठी उचलते त्याचा येथे प्रश्न नाही. घरातून थेट वर्गात येऊन जे मराठीला सामोरे जाते, किंवा जो प्रौढ वयात ती शिकू लागतो, त्याच्या उच्चाराचा येथे विचार करावयाचा आहे. अशा विद्यार्थ्याने ‘चार’ हा संख्यावाचक शब्द ‘चारा’ या शब्दातील च-काराने उच्चारला, की वर्गात हशा पिकतो, आणि त्याला तालव्य ‘च’ येतच नाही असा निष्कर्ष सहज काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

मराठीत ‘च’ या एका अक्षराखाली दोन ध्वनी नांदतात. चाक, चूल, चोर, चारा यांतील ‘च’ दंततालव्य. चार, चहा, चंद्र, चिमणी यांतील तालव्य. ‘ज’चेही तसेच. हा केवळ लकबीचा भेद नव्हे, तो अर्थभेदक आहे. ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि वार्धक्यवाचक ‘जरा’ लेखनात एकरूप असले तरी कानाला निराळे आहेत. ‘गुरांना चार’ आणि ‘गुरे चार’ यांतही तोच भेद आहे.

आता तेलुगूकडे पाहू. तेलुगूत हे दोन्ही ध्वनी आहेत. ‘चीर’ (लुगडे) व ‘चेट्टु’ (झाड) यांत तालव्य ‘च’ येतो. ‘चाप’ (चटई) व ‘चुक्क’ (ठिपका) यांत दंततालव्य, आणि ‘जोन्न’ (ज्वारी) या शब्दात ‘ज’ही दंततालव्य. परंतु देशी शब्दांत यांपैकी कोणता यावयाचा हे पुढील स्वर ठरवितो: इ-ए पुढे असता तालव्य, अ-आ-उ-ओ पुढे असता दंततालव्य. ही निवड बोलणाऱ्याच्या हाती नसते. म्हणूनच ती त्याच्या जाणिवेतही नसते. संस्कृतातून आलेल्या शब्दांत (उदा. ‘चंद्रुडु’) व उर्दूतून आलेल्या शब्दांत अकारापूर्वी तालव्य ‘च’ येतो हे खरे, पण तो उसनवारीचा भाग झाला.

गंमत अशी, की हाच नियम मराठीच्या एका मोठ्या क्षेत्रातही चालतो. ‘घराचा’ यातील ‘च’ दंततालव्य, ‘घराची’ यातील तालव्य. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही स्थानाचा तोच पालट होतो. येथे तेलुगू भाषकाला काही शिकवावेच लागत नाही. त्याची अडचण उरते ती ‘चार’, ‘चहा’ अशा मोजक्या शब्दांपुरती, जेथे आ किंवा अ पुढे असूनही तालव्य ध्वनी हवा असतो. त्याच्याजवळ ध्वनी आहे. त्या जागी तो योजण्याची सवय नाही.

दूरचे एक उदाहरण हे स्पष्ट करील. कोरियन भाषेत मांसाला ‘कोगी’ म्हणतात. लिपीत दोन्ही व्यंजनांना अक्षर एकच. तोंडातून मात्र शब्दारंभी क-सारखा आणि दोन स्वरांमध्ये ग-सारखा ध्वनी निघतो. असा भाषक युक्रेनियन शिकू लागला, की ‘बिती’ (मारणे) आणि ‘पिती’ (पिणे) यांतील आद्य व्यंजने त्याला वेगळी ठेवता येत नाहीत. युक्रेनियनमध्ये, रशियनच्या उलट, शब्दान्तीही घोष टिकतो; ‘दुब’ (ओक वृक्ष) याचा ‘दुप’ होत नाही. सघोष ध्वनी कोरियन भाषक दिवसातून शेकडो वेळा उच्चारतो, पण शब्दाच्या आरंभी वा अंती नव्हे.

महाप्राणांची गोष्ट मात्र निराळी. तेलुगू लिपीत घ, झ, ध, भ ही अक्षरे आहेत, तरी देशी शब्दसंग्रहात ते ध्वनी नाहीत. त्यामुळे ‘झाड’चे ‘जाड’, ‘घर’चे ‘गर’ आणि विणकराच्या रोजच्या ‘धाग्या’चा ‘दागा’ होण्याचा संभव असतो. येथे खरोखरच नवा ध्वनी कमवावा लागतो. दोन्ही चुकांना ‘अशुद्ध उच्चार’ हे एकच नाव देणे म्हणजे दोन रोगांवर एक औषध देणे होय.

‘च’च्या बाबतीत फळ्यावर अक्षर लिहून ‘नीट म्हण’ असे सांगण्यात अर्थ नाही, कारण अक्षर दोन्ही ध्वनींना एकच आहे. (तेलुगूच्या काही कोशांत दंततालव्यासाठी निराळे चिन्ह योजलेले आढळते, नित्याच्या लेखनात ते नसते.) त्याऐवजी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेतून आरंभ करावा. त्याला ‘चीर’ म्हणावयास सांगावे, पहिल्या व्यंजनाशी जिभेचा पृष्ठभाग टाळूला टेकलेला असतानाच थांबवावे आणि तेथूनच ‘आ’ सोडावयास लावावे. ‘चार’ आपोआप मिळतो. त्यानंतर ‘चार’–‘चारा’ अशा जोड्या प्रथम केवळ ऐकवाव्यात. कान तयार झाल्यावाचून जिभेला घाई करू नये.

मराठी भाषक तेलुगू शिकू लागला, की पारडे फिरते. तेलुगूत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद अर्थभेदक आहेत: ऱ्हस्व ओकाराचा ‘कोन’ म्हणजे टोक, दीर्घ ओकाराचा ‘कोन’ म्हणजे दरी. ओकाराची लांबी मराठी माणसाच्याही बोलण्यात कमीअधिक होतच असते. परंतु तिच्यावर अर्थ अवलंबून नसल्याने ती त्याच्या कानी पडत नाही, आणि आता हसण्याची पाळी पूर्व भागातील मुलांची असते.