कोरडे तोंड आणि बोटांचा दाब

चिंचेचे नुसते नाव काढले तरी आपल्या तोंडाला पाणी सुटते. चिंच जिभेवर पडलेली नसते. तरीही मेंदूची आज्ञा मज्जातंतूंच्या वाटेने लाळग्रंथींपर्यंत पोहोचते आणि त्या पाझरू लागतात. लाळ ही अशी मज्जातंतूंच्या हुकमतीखाली वाहते. आजच्या विषयाचे मर्म यातच आहे.

श्रोतेहो, निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ येते. कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली मिळून मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार करताना रोगाचा नाश करणारे किरण या ग्रंथींनाही इजा करतात. हल्लीच्या सुधारलेल्या पद्धतीत ग्रंथी शक्य तितक्या वाचवल्या जातात. तथापि पुष्कळांचे तोंड उपचारानंतर महिनोन्महिने, काहींचे तर कायमचे, कोरडे राहते. आपल्या देशात तंबाखूच्या सवयीपायी तोंडाचा कर्करोग फार आढळतो; तेव्हा ही व्यथा अनेक घरांतील आहे.

रोग हटला म्हणून घरची मंडळी आनंदात असतात आणि रुग्ण मात्र पंगतीला बसण्याचे टाळू लागतो. भाकरीचा घास तोंडातच घोळत राहतो. चार वाक्ये बोलताच जीभ टाळूला चिकटते. रात्री पाण्यासाठी उठावे लागते. लाळ ही दातांची राखणदार असल्याने तिच्या अभावी दातही झपाट्याने किडतात.

यावर चिनी वैद्यकातील सुया टोचण्याच्या उपचाराचे प्रयोग झाले आहेत. ह्यूस्टन आणि शांघाय येथील ३९९ रुग्णांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. किरणोपचार चालू असतानाच ज्यांना सुया टोचल्या, त्यांना वर्षानंतर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपेक्षा कोरडेपणा कमी जाणवला. काहींना लुटुपुटीच्या सुयाही टोचल्या होत्या. शांघायमध्ये खऱ्या व खोट्या सुयांच्या परिणामांत अंतर पडले, ह्यूस्टनमध्ये तसे पडले नाही. तेव्हा आशेला जागा आहे, पण निकाल निर्विवाद नाही. शिवाय सुईचा गुण बोटाच्या दाबालाही तितकाच येईल, असे धरून चालता येत नाही. दाबाने मज्जातंतू चेतवले जाऊन उरलेल्या जिवंत ग्रंथी अधिक पाझराव्यात, एवढीच अपेक्षा ठेवावी. नष्ट झालेली ग्रंथी दाबाने पुन्हा उगवत नाही.

ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांनी हात आणि पाय यांपासून आरंभ करावा. अंगठा तर्जनीला चिकटवला असता हाताच्या पाठीवर जो उंचवटा दिसतो, तेथे दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सोसवेल इतकाच दाब द्यावा. गर्भवतींनी हा बिंदू वर्ज्य करावा. दुसरा बिंदू गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे, नडगीच्या बाहेरील अंगास एक बोट सरकून आहे. प्रत्येक ठिकाणी मिनिट-दोन मिनिटे, दिवसातून दोन वेळा, इतके पुरे.

खालच्या ओठाखालील खळगा आणि दात आवळले असता जबड्याच्या कोनाशी फुगणारा स्नायू ही देखील दाबाची परंपरागत स्थाने होत. परंतु नेमका हाच भाग बहुधा किरणांखाली आलेला असतो. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून तेथे बोट लावू नये. जखम, सूज, गाठ, शस्त्रक्रियेची ताजी जागा किंवा किरणांनी होरपळलेली त्वचा कदापि दाबू नये. मानेच्या बाजूंना, जेथे नाडी लागते तेथे, तर मुळीच नाही. रक्तातील बिंबिका कमी असतील तर शरीरावर कोठेही जोराचा दाब धोक्याचा.

दाबाच्या भरवशावर बाकीची काळजी सोडणे हे सर्वांत मोठे नुकसान होय. घोटघोट पाणी पीत राहावे. भात पातळ वरणाशी वा सौम्य कढीशी कालवावा, भाकरी दुधात कुस्करावी. तोंड ओले राहावे म्हणून पुष्कळजण खडीसाखर चघळतात. तिने दातांचा नाश ओढवतो. चघळावयाचेच तर बिनसाखरेचे काही चघळावे. तंबाखू, सुपारी आणि मद्य यांना रजा द्यावी. दातांसाठी फ्लोराइड वापरावे आणि दंतवैद्यांकडे नियमित जावे. दात काढण्याची वेळ आलीच तर किरणोपचार झाल्याचे आधी सांगावे, कारण अशा जबड्याचे हाड सहजी भरून येत नाही. लाळ वाढवणारी औषधेही आहेत. ती आपल्याला चालतील की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

इतके सांभाळून बोटांचा दाब अवश्य करून पाहावा. त्याला खर्च नाही आणि तो घरच्या घरी करता येतो. चार-सहा आठवडे रोज टिपण ठेवावे: रात्री किती वेळा उठावे लागले, जेवताना किती पाणी लागले. गुण दिसला तर चालू ठेवावे. न दिसला तर खुशाल सोडून द्यावे आणि पुढच्या भेटीत ते टिपण डॉक्टरांना दाखवावे.